उलट्या तारा

“घरभर लाकडाचा भुगा! चहासुद्धा कचकचतो,” बायको करवादली.

लेक भांडून घर सोडून गेली, त्याला तीन वर्षं झाली. तिचं नावही कुणी काढत नसे. तिची जुनी गिटार मात्र नवरा महिनाभर पॉलिशपेपरने घासत बसला होता. “विकायचीय. उगाच अडगळ,” म्हणायचा.

आज पॉलिश वाळलं. त्याने नव्या तारा चढवल्या. बायकोने डोकावून पाहिलं, तर तारा उलट्या क्रमाने. डावखुऱ्या लेकीला लागायच्या तशाच.

“अहो, असलं गिऱ्हाईक कुठून आणणार?”

तो मान खाली घालून गिटार पुसत राहिला. तिने त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि त्याजागी मोबाईल ठेवला.

“लावा फोन. आणि आधी म्हणा, चुकलं आमचं.”