जास्तीचा ऑक्सिजन

कॉलेजातल्या गॅस वेल्डिंगच्या वर्गात नवशिक्यांच्या जोड्या आडनावांच्या क्रमाने लागल्या, त्यामुळे ऑस्वल्ड डिमेलो आणि त्यांचा मुलगा जेराल्ड एकाच टेबलाशी आले. माजिवड्याच्या घरात दोघांना एकमेकांशी न बोलण्याचा वर्षभराचा सराव होता. इथे मात्र बापाची ज्योत बिघडली की मुलाला बोलावंच लागे.

"डॅडी, ऑक्सिजन जास्त झाला. फुसफुसतेय, ऐकू येत नाय का?"

"किती कमी करू?"

"अजून. अजून थोडा. बस्स! आता हात नको लावू."

ज्योत जुळवायला ऑस्वल्ड पहिल्याच आठवड्यात शिकले होते. पण ज्योत बरोबर असली की जेराल्ड गप्प बसे, म्हणून ते नेटाने चुकत राहिले.

काल सर टेबलाशी येऊन उभे राहिले. "काका, आजपण चुकलात तर तुमची जोडी बदलतो हां."

ऑस्वल्डनी मुकाट्याने ज्योत अगदी बरोबर लावली. सर खूश होऊन पुढे गेले. टेबलावर घरच्यासारखी शांतता पसरली.

जेराल्डने हात पुढे केला आणि ऑक्सिजनचा नॉब जरासा फिरवला.

"बघ डॅडी," तो म्हणाला, "परत जास्त झाला."