डबडं

सुट्टीला आलेल्या दादाने पिशवी खाली ठेवली आणि बाबांचा जुना कॉम्प्युटर उघडला. नवा प्रोसेसर बसवला. त्यावर जुनी सिस्टीम चालेना, म्हणून सगळं पुसून नवी टाकली. फळी सरकवून पडता चेंडू अडवायचा बाबांचा खेळ तेवढा परत चढवला आणि शाबासकीसाठी माझ्याकडे पाहू लागला.

अर्धांगातून सावरणाऱ्या उजव्या हाताने बाबांनी माउस धरला. नव्या प्रोसेसरवर तो जुना खेळ सुसाट सुटला. फळी हलायच्या आत चेंडू खाली. पुन्हा खाली. शेवटी त्यांनी माउसच ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"होईल सवय!" म्हणत दादा उलट माझ्यावरच घसरला. "त्या रखडणाऱ्या डबड्यावर कसं बसवलंस गं त्यांना? घरात राहून एवढंही लक्ष नाही तुझं?"

माझं डोकंच फिरलं.

"अख्खा बाजार पालथा घालून ते डबडं मीच शोधून आणलं होतं, दादा! बाबांच्या हाताला गाठता येईल इतका हळू चेंडू फक्त त्याच्यावर यायचा."