आतून कडी

कंपनीच्या बाईंनी भाजी धुवायचे नवे हौद पाहिले, पॅकिंगची टेबलं पाहिली आणि विचारलं, "कामावरच्या बायकांसाठी संडास कुठंय? त्याशिवाय भाजी घेता येणार नाही."

आठ दिवसांत हिंदुरावांनी शेडमागे संडास बांधला. नारळ गयाबाईला फोडायला लावला. एकवीस वर्षं ती त्यांच्या रानात खुरपत होती.

गयाबाई आत गेली. कडी लागल्याचा, निघाल्याचा, पुन्हा लागल्याचा आवाज आला. मग ती हसत बाहेर आली.

"ओढ्याला जाताना एकीला राखणीला उभं करायचो, मालक. ज्वारी निघाली की आडोसाबी जायचा. मग दिसभर पाणीच प्यायचं न्हाई."

कौतुक ऐकायला थांबलेल्या हिंदुरावांची मान खाली गेली.

गयाबाईनं टेबलावरच्या मेथीला हात जोडले. "भाजीचे लई उपकार झाले बघा."