नकाराचं कारण

“तुम्ही चोर आहात,” बापाने सांगितलं. “हे पहिलं लिही. नमस्कार-बिमस्कार नको.”

पोरीची बोटं लॅपटॉपवर चालू लागली.

“माझ्या पोरीची दोन वर्षं तुम्ही चोरलीत. तू कोण आहेस ते लिही म्हणालात, तिने लिहिलं. वाचून ती तुम्हाला कळली असेल, तर नाही का म्हणालात? आणि कळली नसेल, तर विचारलंत कशाला? लिहिलंस?”

“लिहितेय.”

“आज फार सावकाश चाललंय.”

“इंग्रजीतल्या शिव्या शोधाव्या लागतात, बाबा.”

बाप हसला नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं इंग्रजी म्हणजे अप, डाउन आणि डेंजर. पण गेली दोन वर्षं अमेरिकेतल्या त्या कॉलेजांबद्दल तो दिसेल त्याला धरून सांगत होता. तिथे एका वर्गात पंधराच पोरं. प्राध्यापक नावाने ओळखतो. एकच पोर सकाळी गणित करतं, दुपारी चित्रं काढतं, संध्याकाळी तत्त्वज्ञानावर भांडतं. काय व्हायचं ते दोन वर्षांनी ठरवायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याने टर उडवली होती, ही तर बटण न दाबता निघालेली लिफ्ट झाली म्हणून. मग एका दुपारी जिन्यात बसून डबा खाताना म्हणाला, तुला काय व्हायचंय असं मला कधी कुणी विचारलंच नाही. तू जा.

सहा अर्ज केले. प्रत्येकाला शाळेच्या समुपदेशकाचं पत्र हवं होतं. शाळेत समुपदेशक हा प्राणीच नव्हता, म्हणून कारकुनाने शाळा सोडल्याचा दाखला टंकून त्यावर शिक्का मारला. वर्तणूक चांगली. बस्स. बाप तीन दिवस मुख्याध्यापिकेच्या दाराशी ठाण मांडून बसला, तेव्हा कुठे दोन पानांचं खरं पत्र निघालं. मुलाखत लॅपटॉपवर झाली, तेव्हा बाप जिन्यात पहारा देत होता आणि शेजारच्यांचा मिक्सर त्याने हात जोडून बंद करवला होता.

मार्चमध्ये उत्तरं आली. पाच नकार तिने त्याला शब्दन्‌शब्द वाचून दाखवले. सहावं आलं तेव्हा दोघं कामावर होती. काय म्हणतायत, असं त्याने विचारलं आणि ती ‘नाही’ म्हणाली. मग त्याला पक्कड दिली. आजचं पत्र त्या सहाव्या कॉलेजलाच चाललं होतं.

घरी बापाची बहीण होती. पोरगी तिसरीत असताना आई गेली, तेव्हापासून घर आत्यानेच सांभाळलेलं. निघाली होती सातासमुद्रापलीकडे आणि उंबऱ्यालाच ठेचकाळली, असं ती भांडी लावताना बोलली. खरं तर पोरगी रडत नाही याचाच तिच्या जिवाला घोर होता. पोरगी जेवायची, झोपायची, विचारलं की ‘ठीक आहे’ म्हणायची. आतून तिला काहीच होत नव्हतं. दात काढताना इंजेक्शन देतात, तसं सगळं सुन्न.

शाळा सुटली की ती बापाबरोबर कामावर जायची. बॅटरी धरायला, असं तो लोकांना सांगायचा. बॅटरीची गरज नव्हती. वर्षभरापासून त्याला लाल आणि तपकिरी वायर सारखीच दिसत होती. ती हळूच रंग सांगायची आणि मग तो हात घालायचा. याबद्दल दोघं एकमेकांशी कधीही बोलली नाहीत. कंपनीला पत्ता नव्हता. फेब्रुवारीत तिची परीक्षा होती, तो एकटाच गेला आणि दोन बोटं भाजून आला. चहा सांडला म्हणाला. त्याच्या कामावर चहा मिळत नाही, हे ठाऊक असूनही आत्याने मलम आणून दिलं.

“शेवटी लिही,” बाप म्हणाला, “उत्तर आल्याशिवाय हा माणूस गप्प बसणार नाही. झालं? बघू.”

त्याने ओळी मोजल्या.

“चारच? मी पानभर बोललो की.”

“इंग्रजी आटोपशीर असतं.”

“मास्तरीणबाई, शिव्या गाळल्या नाहीस ना?”

“नाही.”

“मग पाठव.”

तिने पाठवलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी ती दोघं एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये होती. पॅनेल उघडं होतं. “तपकिरी,” ती म्हणाली, तेवढ्यात तिचा फोन थरथरला. बापाने हात बाहेर घेतला.

“कॉलेज?”

“हो.”

“मोठ्याने वाच. मराठीत.”

तिने ते आधी मनात वाचलं. मग एका सुरात म्हणाली, “अर्ज फार आले होते. मुलगी गुणी आहे. जागा थोड्या होत्या. क्षमस्व.”

बापाने फडक्याला हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. “गुणी म्हणतात आणि वर नाही म्हणतात. नालायक लेकाचे.” त्याने पॅनेलकडे पाठ केली. “माझंच चुकलं असेल काहीतरी. मुख्याध्यापिकेला फार त्रास दिला मी. तिने त्या पत्रात काही वाकडं लिहिलं असेल.”

“तसं काही नाही, बाबा.”

“तुला काय माहीत?”

तो पुन्हा पॅनेलपाशी वाकला.

“ही कुठली?”

“लाल.”

त्याने हात आत घातला. तिच्या डाव्या हातात फोन अजून उजेड टाकत होता आणि पत्र तीनच ओळींचं होतं: तुमचं चार ओळींचं पत्र वाचून आमची समिती चक्रावली आहे. संपूर्ण शिष्यवृत्तीसकट दिलेला प्रवेश तुम्ही परत करता आहात, पण का, ते लिहिलेलं नाही. जागा शुक्रवारपर्यंत तुमच्याच नावावर आहे, येणार की नाही ते स्पष्ट सांगा.