एकाच तपेल्यातली पेज

जनीचं मडकं सकाळीही भरलेलंच होतं.

गोदूबाई जनीच्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी थांबली. डोक्यावर पेजेचं तपेलं, हातात करवंटीची डवली. मडक्यातली पेज तिने स्वतः काल सकाळी ओतलेली. संध्याकाळी आली तेव्हाही ती तशीच होती, आणि तेव्हा गोदूबाई फणकाऱ्याने पुढे गेली होती. आता पेजेवर जाड साय धरली होती आणि काठावरून मुंग्या आत उतरत होत्या.

"नको तर नको," ती मडक्यालाच म्हणाली. "वाट बग तिची."

ती म्हणजे मथुरा. मथुरेचं नाव गोदूबाई गेले आठ दिवस घेत नव्हती. वाडीत पटकी शिरली, मुंबईच्या गाववाल्यांनी वर्गणी काढून बोटीने तांदूळ पाठवला, आणि देवळाच्या पडवीत त्यांच्या मंडळाची चूल पेटली. त्या चुलीवर पेज शिजवायची गोदूबाईने. पहाटेपासून ढवळायची तिने, मीठ बघायचं तिने. वाटायला मात्र दोघी, अर्धी वाडी हिची, अर्धी तिची. आणि आजारी माणसं म्हणायची, मथुरेची पेज गोड लागते. एकाच तपेल्यातली पेज! गोदूबाईला हे ऐकून अन्न गोड लागेनासं झालं होतं.

इतरांचं एक वेळ सोडा. पण जनीनेही तेच म्हणावं? जनीला ह्या जगात आणलं ते गोदूबाईच्या हातांनी. तिच्या आईची सुईण तीच, पुढे जनीची सुईणही तीच. ती जनी म्हणाली होती, "मथुरावयनी आली की बरं वाटतं."

नियम सगळ्यांना ठाऊक होता. घरच्यांनी मडकं गडग्यावर ठेवायचं, वाटणारीने डवली न टेकवता वरून पेज ओतायची, हाक मारायची आणि पुढे व्हायचं. आजाऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही. संगमेश्वरच्या डॉक्टरने बजावलं होतं. मथुरा मात्र सरळ आत जायची. गोदूबाईने परवा हे मंडळाचं काम बघणाऱ्या आप्पा मास्तरांच्या कानावर घातलं, आणि घालताना तिला फार बरं वाटलं. मास्तरांनी मथुरेला सगळ्यांदेखत सुनावलं, जनीचं घर तिच्याकडून काढून गोदूबाईला दिलं. मथुरा एवढंच म्हणाली, "मास्तर, जनीकडं कुणी नाय हो." मास्तर म्हणाले, "मडकं आहे ना? मग झालं."

आणि आता हे भरलेलं मडकं. सगळ्या वाडीने पाहावं म्हणून जसं काही मुद्दाम ठेवलेलं. मथुरा खालच्या पाणंदीने येईल, हे बघेल, आणि तोंड लपवून हसेल. गोदूबाईने तपेलं गडग्यावर उतरवलं. जनीला एकदा तोंडावर विचारायचंच, की बये, माझ्या हाताला काय झालंय? नियम गेला चुलीत. तिने थोडी पेज डवलीत घेतली, गडग्यातलं बांबूचं बेडं सरकवलं आणि तरातरा अंगण ओलांडलं.

"जने," ती दारातून म्हणाली, "माजी पेज नरड्याखाली उतरत नाय काय गो तुज्या?"

तिने आत वाकून पाहिलं.

जनी उंबऱ्याच्या आत दोन हात अंतरावर पडली होती, दाराकडे डोकं करून. लुगडं भिजलेलं, डोळे खोल गेलेले, हाताची कातडी सुरकुतलेली. नवरा मुंबईत गिरणीत, सासू नातवाला घेऊन लेकीच्या गावी पळालेली. घरात दुसरं माणूस नव्हतं. गडग्यावरचं मडकं रोज आत आणायला कोण होतं, हा प्रश्न गोदूबाईला आत्ता, उंबऱ्यावर उभं राहिल्यावर पडला. मथुरा आणत होती. मथुराच भरवत होती, मथुराच रिकामं मडकं परत गडग्यावर ठेवत होती.

 काल संध्याकाळी ती ह्या उंबऱ्यापासून किती पावलांवरून परत गेली होती, ते तिने मोजलं नाही. खाली बसून तिने जनीचं डोकं मांडीवर घेतलं. श्वास होता.

"जने, मी गो. तोंड उघड."

डवलीच्या काठावरून तिने चार थेंब सोडले. ते ओठांवरून हनुवटीवर ओघळले. जनीचे दात घट्ट मिटलेले. गोदूबाईने पुन्हा सोडले, पुन्हा ओघळले. मग जनीचे ओठ हलले. डोळे अर्धे उघडले, पण त्यांना समोरचं दिसत नव्हतं.

"मथुरावयनी?"

गोदूबाईचा हात थांबला. एवढ्या अवस्थेतही तेच नाव. अजूनही आपल्याला हेवाच वाटतोय, हे तिचं तिलाच कळलं. क्षणभर तिला वाटलं, सांगावं हिला, की जिच्या मांडीवर पडलीस ती कोण आहे ते नीट बघ.

"मथुरावयनी काय गो?" जनीने पुन्हा विचारलं.

"व्हय," गोदूबाई म्हणाली. "मथुराच. घे, गिळ."

जनीने तोंड उघडलं. पहिला घोट आत गेला. दुसरा अर्धा गेला. गोदूबाई थेंब थेंब सोडत राहिली, पदराने तिची हनुवटी पुसत राहिली. डवली संपत आली तेव्हा जनीने तिचं मनगट धरलं. त्या पकडीत जोर नव्हता.

"आत आलीस ते गोदूबायला सांगू नको हां," जनी म्हणाली. "ती रागावंल."

"नाय सांगत," गोदूबाई म्हणाली.