दम

मावशींनी मनगटावरची पट्टी हलक्या हाताने सोलून टेबलावर ठेवली आणि घडी घातलेला तक्ता पुढे केला. "घ्या बाई. आठ दिवस झाले. एक रकाना रिकामा ठेवला नाही."

संशोधक बाईंच्या अंगात हात पुढे करण्याचंही त्राण नव्हतं. तीन वर्षं त्या या पट्टीच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. कातडीबरोबर वाकणारी, कातडीवरचा ओलावा मोजणारी पट्टी! अकरा जणांच्या हातावर ती तडकली होती. टिकली ती फक्त इमारतीचे जिने पुसणाऱ्या मावशींच्या मनगटावर. आता पट्टीचे आकडे आणि मावशींनी तासातासाला लिहिलेली नोंद जुळायला हवी होती. नाही जुळली तर आजच गाशा गुंडाळा, असं प्रयोगशाळेच्या सरांनी सकाळी तोंडावर सांगितलं होतं.

त्यांनी तक्ता उघडला. दहा वाजता 'नाही'. अकराला 'थोडा'. बाराला 'खूप'. चला, जमलं म्हणायचं! मग तीनच्या रकान्यात दिसलं, 'खूप. बसले.'

"बसले म्हणजे?"

"जिन्यातच बसले. चौथ्या मजल्यावर."

"अहो मावशी, हाताला घाम आलाय का, ते लिहायचं होतं."

"असं कुठं म्हटलंय?" मावशींनी रकान्याच्या डोक्यावर बोट ठेवलं.

बाईंनी वाचलं आणि कपाळावर हात मारला. रकाना अरुंद पडला, म्हणून 'दमटपणा' कापून त्यांनीच तिथे नुसतं 'दम' लिहिलं होतं. आठ दिवस पाण्यात गेले. रागवायचं तरी कुणावर? त्यांना रडूच आलं.

"चुकलं का हो माझं?" मावशी घाबरल्या. "पण खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही."

"तुमचं नाही, माझंच चुकलं. पण मावशी, विचारायचंत तरी एकदा, दमाचं काय काढलंत म्हणून."

मावशींनी बादली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"कसं विचारणार, बाई? सतरा वर्षं जिने पुसतेय. दम लागतो का, असं पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. बरं वाटलं, म्हणून लिहीत गेले."