पुठ्ठा न घातलेला सदरा

बाळांनो, डोळ्यांसमोर आणा: टेबलावर धाकट्याचा पांढरा सदरा पसरलाय आणि ताई त्याच्या छातीवर वाघाचं तोंड रंगवतेय. रंग पाठीवर उतरू नये म्हणून सदऱ्याच्या आत पुठ्ठा घालतात. तो घालायला ती विसरली.

"झाला का गं वाघ? की मांजरच केलंस?" उघडाबंब धाकटा विचारत होता.

"थांब रे, जीव खाऊ नकोस."

मागे डाग पडलाय का पाहायला तिने सदरा उलटला. पाठीवर वाघाची पाठ होती, आणि डावीकडे वळलेली शेपूट. तिने तर फक्त तोंड काढलं होतं.

तिने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. शेपूट उजवीकडे होती.

"दे ना ताई, थंडी वाजतेय." धाकट्याने दोन्ही हात वर केले.

ताईने सदरा उचलला आणि आधी आपलाच हात आत घातला.